वैशाख नावाचा कोंबडा

आमच्या घरात हवामानाशिवाय दुसरा विषय नसे, आणि तरी मला हवामान कळलं ते एका कोंबड्यामुळे. कोंबडा खरा नव्हता, मोबाइलमधला होता. त्याची कथा पुढे येईलच. घर मात्र खरं होतं. फैजपूरच्या बाहेर, सातपुड्याकडच्या अंगाला आमची केळीची बाग आणि बागेला लागूनच राहतं घर. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बागेच्या तोंडाशी लिंबाच्या झाडाला एक थर्मामीटर टांगला होता. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ते त्याच्यासमोर उभे राहत, डोळे बारीक करत, आणि घरात येऊन आकडा सांगत. जेवायला बसलेला माणूस घास हातात धरून आकडा ऐके. डिसेंबरात पारा उतरला की घरातली माणसं हळू बोलत, कारण थंडीने केळीची वाढ खुंटते. मेमध्ये पारा चढला की कोणीच बोलत नसे. पाहुण्यांना आधी पाणी आणि मग तापमान, असा आमच्याकडचा रिवाज होता.

मे महिन्यातला आमचा दुसरा उद्योग म्हणजे बिबड्या, ज्वारीचे वाळवणाचे पापड. आई पहाटेच ज्वारीच्या पिठाचा घाटा चुलीवर चढवायची आणि लाकडी दांड्याने ढवळत राहायची. त्या घट्ट घाट्यातून फुटणाऱ्या बुडबुड्यांचा फदफद आवाज मला झोपेतही ऐकू यायचा. मग तो घाटा गच्चीवर नेऊन ओल्या कापडावर थापायचा, आणि खाली उरलेला कोमट घाटा वाटीत घेऊन, त्यावर कच्चं तेल ओतून खायचा. ज्या उन्हाला नाना दिवसभर शिव्या द्यायचे त्याच उन्हाची आई गच्चीवर वाट बघायची. एकाच घरात एकाच उन्हाबद्दल दोन मतं होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता रिकामा वेळ भरपूर आहे, त्यामुळे अशा गोष्टी लक्षात येतात.

आता खेळाबद्दल. माझा मोठा भाऊ हेमंत, ज्याला मी दादा म्हणायची, अकरावीत गेला तेव्हा त्याला फोन मिळाला आणि त्या फोनमध्ये राक्षसांच्या झुंजीचा खेळ आला. प्रत्येकाकडे सहा राक्षसांची टीम. मैदानात एका वेळी दोन्हीकडचा एकेक. समोरच्याचे सहाही पाडले की मॅच जिंकली. आपल्या पाळीला एकतर हल्ला करायचा नाहीतर मैदानातला राक्षस बदलायचा, दोन्ही नाही. इथपर्यंत कोणालाही जमेल. खरी गंमत होती हवामानाची. काही राक्षस मैदानात पाऊल ठेवताच हवामान बदलत. कोणी ऊन आणी, कोणी पाऊस, कोणी धुळीचं वादळ, कोणी गारपीट. आलेलं हवामान पाच डाव टिके, किंवा दुसऱ्याने वेगळं आणलं की लगेच पुसलं जाई. उन्हात आगीचा मार दीडपट आणि पाण्याचा निम्मा. पावसात बरोबर उलट. वादळ आणि गारपीट दर डावाला सगळ्यांचे लचके तोडत. वर काही राक्षस असे, की आपल्या आवडीच्या हवामानात त्यांचा वेग दुप्पट होई किंवा जखमा आपोआप भरत.

हे दादाने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हातातली वाटी खाली ठेवली. जन्मापासून मी हेच तर ऐकत आले होते, फक्त आमच्याकडे समोर राक्षस नव्हते, केळी होती. शेकडो राक्षस, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, आणि त्यांतून सहाच निवडायचे. मी वहीची मागची पानं भरून टाकली. कोणाला काय सोसतं, कोणाला काय सोसत नाही, कोणामागून कोण यावा. गणिताच्या बाई म्हणत की ही मुलगी शेवटच्या पानापासून अभ्यास करते.

आमची पहिली टीम पावसाची होती. केळीवाल्याच्या घरात दुसरी कुठली होणार? तिच्यात एक बेडकी होती, ती आली की पाऊस सुरू व्हायचा, आणि एक मगर होती, ती पावसात इतकी चपळ व्हायची की समोरचा डोळे उघडेपर्यंत संपलेला असे. टीम माझी आणि बोटं दादाची, अशी आमची वाटणी. फोन त्याचा, आयडी त्याच्या नावाचा. मी मागे बसून "आता बदल, आता मार" म्हणायची आणि तो दाबायचा. तो जिंकू लागला. भुसावळ-जळगावच्या पोरांत 'फैजपूरचा हेमंत' असं नाव झालं. कोणी विचारलं की टीम कशी सुचली, तर दादा मान तिरकी करून म्हणायचा, "आपलं निरीक्षण हाये थोडं." मी आयत्या बिळात नागोबा म्हणून त्याला चिडवायची आणि तो मला टपली मारायचा. मला राग येत नव्हता असं मी कित्येक वर्षं सांगत आले. येत होता. मला फार काही नको होतं; कोणीतरी एकदा, मोठ्याने, चार लोकांत म्हणायला हवं होतं की ही टीम हिने बनवली.

मी नववीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदमच आल्या. एक म्हणजे जळगावला या खेळाची मोठी स्पर्धा ठरली, जिंकणाऱ्याला पुढे पुण्याला जायचं होतं. आणि दुसरी, आम्ही हरायला लागलो. आमचा पाऊस आता सगळ्यांना पाठ झाला होता. बेडकी आली की समोरचा शांतपणे ऊन आणायचा. मग मी घाईघाईने म्हणायची, "पाऊस परत आण." दादा मैदानातल्याला मागे घेऊन बेडकी आत घालायचा, आणि त्या बदलाबदलीत समोरच्याला एक फुकटचा हल्ला मिळायचा. तो पुन्हा ऊन आणी, आम्ही पुन्हा पाऊस. आम्ही मारत नव्हतोच, नुसतं ऊन अडवत होतो. पण ते मला दिसत नव्हतं. ऊन आलं की अडवायचं, हे आमच्या रक्तातच होतं.

बागेच्या पश्चिमेला आमची शेवरी होती. आमच्याकडे केळीभोवती शेवरीची दाट ओळ लावतात; मेमधला तापलेला वारा तिच्यामुळे बागेला थेट लागत नाही. त्या वर्षी ती ओळ मधेच विरळ झाली होती. नाना चाळीसगावला एका लग्नाला दोन दिवस गेले, आणि दादाच्या अंगात कर्तबगारी संचारली. त्याने गोठ्यामागचे जुने पत्रे काढले, बांबू रोवले, आणि शेवरीच्या जागी पुरुषभर उंचीची पत्र्याची सलग भिंत उभी केली. सुई जाईल एवढीही फट ठेवली नाही. मला बोलावून दाखवलं. "आता ये म्हना वाऱ्याले," तो म्हणाला, आणि पत्र्यावर थाप मारली.

वारा दुसऱ्याच दिवशी दुपारी आला. आम्ही घरातून फक्त आवाज ऐकला. पत्रे थडथडत होते आणि मागून काहीतरी ओलं मोडल्यासारखं वाजत होतं. वारा बसल्यावर धावत गेलो तर भिंत जागच्या जागी उभी होती. भिंतीलगतच्या तीन ओळीही ताठ होत्या. पण चौथ्या ओळीपासून पुढे झाडं घडांसकट आडवी पडली होती. दादा तिथेच मातीत बसला.

नाना संध्याकाळी परत आले. मला वाटलं आता दादाचं काही खरं नाही. नानांनी पडलेल्या ओळींमधून एक चक्कर मारली, भिंतीपाशी आले, हात वर केला आणि भिंतीच्या वरून पलीकडे असा गोल फिरवला.

"तो वरतून आला," ते म्हणाले. "वाऱ्याले पुरा आडवला तं तो डोक्यावरून उडी मारतो, अन् पलीकडे जाऊन आपटतो. त्याले चायनीतून जाऊ द्या लागते."

"चायनी?" दादाने मान वर न करता विचारलं.

"पीठ चाळाची चायनी. शेवरी काहून लावतो आपन? तिच्यात फटी हायेत म्हनून. वारा आत येतो, पन दमून येतो. दमलेला वारा केयीले काही करत नाही. उलट थोडा लागतोच तिले." मग त्यांनी दादाच्या डोक्यावर हात ठेवला. "चाल, जेवाले चाल. पत्रे उद्या काढू."

त्या दिवशी वांग्याचं भरीत होतं आणि कळण्याची भाकरी होती, आणि मी काय खाल्लं ते मला आठवत नाही. डोक्यात नानांचं दमलेल्या वाऱ्याचं वाक्य फिरत होतं. दादाने पत्र्याची भिंत बांधली, तशी मी गेलं वर्षभर पावसाची भिंत बांधत होते. समोरच्याचं हवामान अडवायचं कशाला? येऊ दे की. पाचच डाव तर टिकतं. त्या पाच डावांत ज्याला ते हवामान मानवतं असा राक्षस पुढे करायचा, त्याला पोसून घ्यायचा, आणि हवामान दमलं की मारायचं. मी ताटावरून उठले, हात धुतले की नाही देव जाणे, आणि वही उघडली.

सहा जण निवडले. खेळातली त्यांची मूळ नावं कोणाला उच्चारता येत नसत, म्हणून मी आमची ठेवली. दगडू हा दगडाचा कासव, त्याला धुळीच्या वादळाचं काही वाटत नसे. मुंगूस वादळात सापडतच नसे. गोगो नावाची गोगलगाय पावसात दर डावाला आपल्या जखमा भरून काढी. गारठा नावाचा बोकड गारपिटीत खूश असे. एक सरडा उन्हात दुप्पट पळे. आणि सहावा कोंबडा. तो मैदानात येऊन मान वर करी, आरवे, आणि ऊन पडे. त्याचं नाव मी वैशाख ठेवलं. तो निव्वळ अडीअडचणीला होता. अगदीच गळ्याशी आलं तर असावा, म्हणून.

सकाळी मी वही दादासमोर धरली. मला फार आनंद झाला होता. त्याने वरून खालून पाहिलं.

"याच्यात आपलं हवामान कुठी हाये?"

"आपलं नाहीच. त्याचं ते आपलं."

"असं कुठी असते का? मी नाही खेयत हे. लोक हसतीन." त्याने वही परत केली. "पावसाचीच नेतो मी जळगावले."

"पावसाची हरते, दादा."

"अन् टीम काय, कोनी बी बनवते," तो म्हणाला. "खेयाले हात लागतात."

आदल्या दिवशीच्या पत्र्यांमुळे तो आधीच दुखावला होता, हे आज मला कळतं. तेव्हा कळलं नाही. मी वही मिटली आणि थेट गच्चीवर आईकडे गेले. ती बिबड्या उलटत होती. मी तिला म्हणाले की मला तुझा फोन पाहिजे, जळगावच्या स्पर्धेपर्यंत, आणि मी माझ्या नावाने खेळणार आहे.

आईने कारण विचारलं आणि दादाचं वाक्य माझ्याकडून ऐकून घेतलं. दोनदा. मग कमरेचा फोन काढून दिला. पण खेळ त्यात मावेना. फोन म्हणाला जागा नाही. आईचा फोन बिबड्यांच्या फोटोंनी, भजनांनी आणि नात्यातल्या लग्नांनी गच्च भरलेला होता.

"कितली जागा पाह्यजे तुले?" आईने विचारलं.

मी सांगितलं. तिने ओल्या हाताने एकेक गोष्ट उघडून पाहिली. शेवटी तिच्या मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आला, पूर्ण, हळदीपासून पाठवणीपर्यंत. तो ती दर चार दिवसांनी बघायची आणि दर वेळी रडायची.

"हे काढी टाक," ती म्हणाली. "मले पाठ हाये."

नवा आयडी म्हणजे सगळं शून्यापासून. हाताशी तीन आठवडे होते. राक्षस पकडायचे, वाढवायचे, लढवून लढवून मोठे करायचे. पी हळद अन् हो गोरी असं तिथे चालत नव्हतं. दुपारी सगळे कूलरसमोर आडवे व्हायचे तेव्हा मी ओसरीत बसून गोगोला वाढवायची. वीज गेली की मी फोनची बॅटरी बघत बसायची. मधेच आत्याचा फोन यायचा आणि ऐन मॅचमध्ये दगडूच्या जागी आत्याचा फोटो दिसायचा. मी हरले, पुन्हा हरले, मग एके दुपारी उन्हाच्या एका टीमला हरवलं, एकदाही ऊन न पुसता. सरड्याने त्या पोराच्या उन्हातच त्याचे चार राक्षस पाडले. मी उठून ओसरीत नाचले. झोपेतून उठून आलेल्या नानांनी विचारलं, काय झालं, पारा उतरला का? मी हो म्हटलं.

वैशाखलाही वाढवला, पण मॅचमध्ये त्याला एकदाही बाहेर काढला नाही. स्वतः होऊन ऊन आणायचं, या कल्पनेनेच मला कसंतरी व्हायचं.

जळगावला आम्ही तिघं एकाच एसटीने गेलो: दादा, मी, आणि आई, कारण फोन तिचा होता आणि तो एकटा जाणार नाही असं तिने जाहीर केलं होतं. दादा खिडकीशी बसला आणि संपूर्ण रस्ता बाहेर बघत राहिला. स्पर्धा एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती. सत्तरेक पोरं, सगळ्यांचे अंगठे तयार. मुली आम्ही दोघीच. आत फोन फ्लाइट मोडवर टाकून हॉलचं वायफाय लावायचं होतं. आत्याचा धोका तिथेच संपला. आई शेवटच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली.

मी जिंकत गेले. हे वाक्य लिहिताना आजही माझी पाठ सरळ होते. पहिला पाऊसवाला होता, त्याच्या पावसात गोगो टुणटुणीत राहिली. दुसरा उन्हाचा. तिसऱ्याने गारपीट आणली आणि गारठ्याने तिच्यात न्हाऊन घेतलं. मागे उभी असलेली पोरं कुजबुजायला लागली की हिची टीम कसली आहे ते कळत नाही. उपांत्य फेरीत समोर आली ती दुसरी मुलगी, शिरपूरची कविता. तिचं धुळीचं वादळ त्या दिवशी सगळ्यांना भारी पडलं होतं. ते आलं, स्क्रीन पिवळी झाली, आणि मी दगडू पुढे केला. पाच डाव तो तिथे बसून राहिला. वादळ संपलं, मुंगूस आत गेला. तिने पुन्हा वादळ आणलं तर मुंगूस त्यात दिसेनासा झाला. शेवटी तिने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून हसली.

"काय टीम शे ही," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "बठ्ठं वादळ पी गई. तुन्हं हवामान कोठे शे?"

"नाहीच," मी म्हणाले.

आता मी धुळ्यात राहते आणि कविता माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. अजूनही भांडण झालं की मी गप्प बसून तिचा राग ओसरू देते, आणि ती अजूनही म्हणते की हे तू दगडूकडून शिकलीस.

फायनलला माझ्यासमोर कोण आहे हे मी पुकारण्याआधीच ओळखलं होतं. हॉलच्या दुसऱ्या टोकाला दादाच्या भोवती पोरांचा घोळका होता. पावसाची टीम हरते म्हणणारी मी. तो ती घेऊन फायनलला आला होता. आम्ही समोरासमोर बसलो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मागे वळले तर आई रांगेच्या बरोबर मधल्या खुर्चीवर येऊन बसली होती, कोणा एकाच्या बाजूला दिसू नये म्हणून.

मला खात्री होती. ती टीम माझ्या वहीतून निघाली होती, तिचा प्रत्येक दात मला माहीत होता. तो बेडकी आणणार, पाऊस पडणार, गोगो तयार. मॅच सुरू झाली आणि दादाने मगर पुढे केली. पाऊस नाही. पहिला डाव गेला. दुसरा, तिसरा गेला. बेडकी येईना. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. माझी टीम दुसऱ्याच्या हवामानावर जगत होती, म्हणून तो हवामान आणतच नव्हता. कोरडं खेळत होता. वादळाशिवाय दगडू म्हणजे नुसता दगड, तो पडला. मुंगूस पडला. गारठा पडला. मी कसेबसे त्याचे दोन पाडले होते. माझे तीन उरले, त्याचे चार.

मागून कोणीतरी म्हणालं, संपलं. उरले होते सरडा, गोगो आणि वैशाख. कोंबडा काढायचा म्हणजे ऊन मी आणायचं, जन्मभर ज्याला घरात येऊ दिलं नाही ते. दादा ऊन पुसायला पाऊस आणेल, ही भीती होतीच. आणि मग अचानक हिशेब उलगडला: आणला तर आणू दे. पाऊस आला की गोगो आहे. नाही आणला तर ऊन माझं. मी वैशाखवर बोट ठेवलं.

कोंबडा आला, मान वर केली, आरवला. स्क्रीनवर ऊन पडलं, आणि खरं सांगते, मला ते सुंदर वाटलं. पुढच्याच डावाला मगरीने त्याला तडाखा दिला. पाण्याचा मार निम्मा होऊनही त्याची थोडीशीच धुगधुगी उरली. मी त्याला मागे घेऊन सरडा पुढे केला. दुप्पट वेगाने सरड्याने मगर पाडली, त्यामागचा मासा पाडला. सगळा हॉल उठून उभा होता. दादाचे दोन उरले आणि आता त्याला बेडकी काढावीच लागली. सरड्याने तिला एक दणका दिला, पण पावसात तिने त्याला लोळवलं. गोगो आत आली. दादाने बेडकी मागे घेऊन शेवटचा मासा सोडला. मासा मारत होता, पाऊस गोगोला भरून काढत होता, आणि हळूहळू, गोगलगाईच्याच चालीने, तिने त्याला संपवलं. पुन्हा बेडकी, पुन्हा पाऊस. या वेळी गोगो पुरी पडली नाही.

त्याची जखमी बेडकी आणि माझा अर्धमेला कोंबडा. वैशाख आला, आरवला, पाऊस गेला, ऊन पडलं. बेडकीला पुन्हा आत-बाहेर करून पाऊस आणायचा तर दादाकडे दुसरं कोणी उरलंच नव्हतं. बेडकीने पाण्याचा लोट सोडला. कोंबड्याची ताकद घसरत घसरत केसाएवढी उरली आणि तिथे थांबली. मग उन्हातली दीडपट आग.

हॉलमध्ये जो गोंगाट झाला तो मला लांबून आल्यासारखा ऐकू आला. आयोजकांपैकी एक जण माइक घेऊन आमच्या टेबलाशी आले. चांगले गृहस्थ होते, हसरे. त्यांनी आधी दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय हेमंत, बक्षीस घरातल्या घरातच राहिलं," ते म्हणाले. "बहिणीला टीम बनवून दिलीस, आणि तीच तुझ्यावर उलटली."

सगळे हसले. जिंकूनही तेच. आई खुर्चीतून अर्धी उठलेली मला दिसली. तेवढ्यात दादाने त्यांच्या हातातला माइक घेतला. शहरात तो नेहमी सांभाळून, पुस्तकी बोलायचा. त्या दिवशी त्याने तसला काही प्रयत्न केला नाही.

"मी नाही बनवली," तो म्हणाला. "अन् माह्यी बी मी नाही बनवली. दोन सालपासून जी पावसाची टीम मी खेयतो, ती हिनंच बनवेल हाये. मी निस्ती बोटं चालवत व्हतो." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "आज हिनं दोन्ही टीमा खेयवल्या समजा. नाव नीट घ्या तिचं. हर्षाली."

मॅच जिंकल्यावर मी रडले नव्हते, तेव्हा रडले. आयोजकांनी माझं नाव पुकारलं, मागून शिरपूरच्या कविताने ते दुप्पट जोरात पुकारलं, आणि आईने शेजारच्या अनोळखी पोराला डब्यातली बिबडी खायला दिली.

परतीच्या एसटीने भुसावळ सोडलं. आई पुढच्या सीटवर खिडकीला टेकून झोपली होती. दादा माझ्याकडे न बघता, बोटाने समोरच्या सीटचं रेक्झिन खरवडत म्हणाला, "ते पाऊस न आनता कोरडं खेयलो ना मी. ते कसं व्हतं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत ती एक चाल त्याची स्वतःची होती.

"माह्या डोक्यात बी आलं नसतं, दादा," मी म्हणाले. "माह्ये हात कापत व्हते."

"खरं?"

"खरं."

तो हसला, आणि ते हसू त्याने फैजपूर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून लपवून ठेवलं. मी बोलले ते अक्षरशः खरं होतं, आणि त्याला ते सांगताना मला स्वतःचं नाव ऐकल्यापेक्षाही जास्त आनंद झाला.